दिव्यांग प्रौढांसाठीचं छोटं निवासी घर : पालक आणि भावंडं वारंवार विचारतात ते प्रश्न

माझा धाकटा भाऊ गेली अकरा वर्षं मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका छोट्या होममध्ये राहतो. वय त्रेचाळीस, बौद्धिक दिव्यांगता, सोबत फिटचा त्रास, बोलणं पंधरा-वीस शब्दांचं. त्याच्यासाठी जागा शोधताना वसईपासून कर्जतपर्यंत पायपीट केली, दोनदा फसलेही. नंतर पालकांच्या बैठकांना जाऊ लागले आणि फोन सुरू झाले. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. ‘छोटं होम’ म्हणजे किती जणांचं? आणि छोटं म्हणजे चांगलंच का?

बोलताना आपण साधारण पाच ते बारा-पंधरा जणांच्या घराला छोटं म्हणतो. दोन फ्लॅट जोडून केलेलं, इमारतीच्या तळमजल्यावरचं, नाहीतर मुंबईतलं भाडं झेपेना म्हणून बदलापूर-कर्जतकडे गेलेला बंगला. फायदा एकच पण मोठा : सगळे सगळ्यांना ओळखतात. तो फायदा वापरला जात नसेल तर छोटेपणाला अर्थ नाही. सहा जणांना एकाच वेळी उठवून, एका ओळीत बसवून, एकाच बादलीत सगळ्यांचं उरकणारं घर म्हणजे मोठ्या संस्थेचं लहान पातेलं.

छोट्या घराचा एक धोकाही असतो. सगळा डोलारा एकाच बाईंवर किंवा सरांवर उभा असतो. त्या आजारी पडल्या तर चेकवर सही कोण करणार आणि औषधांच्या कपाटाची चावी कोणाकडे असणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. उत्तर द्यायला फार वेळ लागला तर समजून घ्या.

२. बोर्डावर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आहे. म्हणजे होम सरकारमान्य झालं ना?

नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी म्हणजे ट्रस्ट अस्तित्वात आहे, एवढंच. ८०-जी म्हणजे देणगीदाराला करसवलत. दिव्यांगांना ठेवून घेऊन सांभाळण्याची नोंदणी वेगळी असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५० प्रमाणे त्या नोंदणीच्या प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही, आणि प्रमाणपत्र दर्शनी जागी लावायचं असतं. भिंतीवर दिसलं म्हणून समाधान मानू नका, मुदत आणि पत्ता वाचा. आम्हाला एका ठिकाणी अगदी खरं प्रमाणपत्र दाखवलं होतं. फक्त ते त्याच संस्थेच्या दिवसा चालणाऱ्या कार्यशाळेचं होतं, होमचं नव्हतं.

मनोरुग्णांसाठीच्या केंद्राला मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ लागतो. त्याची नोंदणी वेगळ्या प्राधिकरणाकडे असते. बौद्धिक दिव्यांगता हा त्या कायद्याच्या व्याख्येत मानसिक आजार नाही. दोन्ही प्रकारची माणसं एकत्र ठेवणाऱ्या ठिकाणी दोन्ही कागद मागा.

३. आम्ही दोघं सत्तरीला आलो. मुलाला आत्ताच पाठवावं का, की हातपाय चालेपर्यंत घरीच ठेवावं?

हातपाय चालताहेत तोवरच सुरुवात करा. आईच्या तेराव्यानंतर आठवड्याभरात अनोळखी घरात नेऊन ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. आई गेली, घर गेलं, स्वतःची खाट गेली, आणि हे सगळं एकाच पंधरवड्यात. आधी चार दिवस, मग पंधरा दिवस, मग महिनाभर असं पाठवून पाहा. बरीच होम्स थोड्या मुदतीसाठी ठेवून घेतात. अडचण कळली तर तुम्ही अजून आहात, बदल करू शकता. शिवाय त्याला काय आवडतं, कशाला घाबरतो, हे सांगायला तुमच्याइतकं जाणतं माणूस दुसरं नाही. ते ज्ञान तुमच्याबरोबर जाऊ देऊ नका (प्रश्न ६).

४. पहिल्या भेटीत सगळं छानच दिसतं. खरं कसं ओळखायचं?

सकाळी अकराला जाऊ नका. ती पाहुण्यांची वेळ. संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान, जेवणं चालू असताना जा, आणि दुसऱ्यांदा रविवारी जा.

ऑफिसातल्या खुर्चीवर चहा घेत बसण्यापेक्षा बाथरूम दाखवा म्हणा. टूथब्रश किती आहेत ते मोजा, त्यावर नावं आहेत का ते पाहा. ब्रश कोरडेठाक असतील तर आज कोणाचे दात घासले गेलेले नाहीत. टॉवेल स्वतंत्र आहेत का? कपाट उघडायला सांगा. कपडे ज्याचे त्याचे, की ढिगातून जो हाताला लागेल तो? दुसऱ्याचा शर्ट अंगावर आलेला माणूस मला पहिल्या होममध्येच दिसला होता. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “त्यांना काय कळतंय?” मी तिथूनच परतले.

नखं बघा, टाचा बघा, व्हीलचेअरवर बसलेल्याची पाठ सरळ आहे का ते बघा. कर्मचारी हाक कशी मारतात ते ऐका. आपल्या लोकांत पन्नाशीच्या माणसालाही ‘मुलं’ म्हणायची खोड आहे. मीही बोलून जाते. पण ‘ए, उठ’ आणि ‘दादा, उठता का?’ यांत सगळं आलं.

सगळ्यात खात्रीची खूण सांगू? कोणत्याही एका रहिवाशाकडे बोट दाखवून मावशींना विचारा, यांना काय आवडतं? “सगळं खातात” हे उत्तर नापास. “यांना वरण वेगळ्या वाटीत लागतं, भातावर ओतलं की ताट सरकवतात” हे उत्तर मिळालं की त्या घरात कुणीतरी माणसाकडे बघतंय.

५. किती जणांमागे किती मावशी-दादा असावेत?

एक आकडा सांगून तुमची फसवणूक करणार नाही. आपल्या होमचा सकाळचा हिशेब स्वतः मांडा. समजा आठ जण आहेत. तिघांना पूर्ण अंघोळ घालावी लागते, त्यांतल्या दोघांना उचलायला दोन माणसं लागतात. एकाची अंघोळ, पुसणं, कपडे, दात मिळून अर्धा तास धरा. जो एकट्यानं होतो त्याची तीस मिनिटं, उचलण्याच्या दोघांची साठ-साठ. झाली दीडशे. उरलेल्या पाच जणांवर नुसतं लक्ष ठेवायला दहा-दहा, म्हणजे पन्नास. दोघांना भरवायला पंचवीस-पंचवीस, म्हणजे आणखी पन्नास. एकूण अडीचशे. साडेसहा ते नऊ या वेळात दोन माणसांकडे तीनशे मिनिटं असतात. औषधं, सांडलेलं पुसणं, दारावरचा दूधवाला त्यातच.

एक जण आली नाही की दीडशेच उरतात. मग जेवण राहून जात नाही, दिसणारं काही राहून जात नाही. राहून जातं दात घासणं, पाठीला क्रीम लावणं आणि ‘निळा शर्ट की पिवळा’ हे विचारणं. म्हणून गुणवत्ता मोजायची तर गैरहजेरीच्या दिवशी मोजा.

तीन गोष्टी विचारा : स्वयंपाकाला वेगळी बाई आहे का, रात्री कोण जागं असतं आणि कोण फक्त झोपायला असतं, आणि सगळ्यात जुन्या मावशी किती वर्षांपासून आहेत. वर्षाला तीनदा माणसं बदलणाऱ्या होममध्ये पगार, सुट्टी किंवा वागणूक यांतलं काहीतरी चुकतंय. बारा तासांच्या पाळीत आठवड्याची सुट्टी न मिळणाऱ्या बाईकडून प्रेमाची अपेक्षा ठेवणं मला तरी लाज आणणारं वाटतं.

६. गणपतीत आणि शिमग्याला सगळे कर्मचारी कोकणात जातात. तेव्हा काय?

मुंबईतल्या प्रत्येक होमचा हा खरा परीक्षेचा आठवडा. चांगली घरं जुलैतच पाळ्या लावतात, निम्मे गणपतीला, निम्मे दिवाळीला. बदली माणूस दोन दिवस आधी येऊन जुन्या मावशींच्या मागेमागे फिरतो.

त्या बदली माणसासाठी ओळखपान लागतं. एकच पान, मोठ्या अक्षरात, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं. माझ्या भावाच्या पानावर असं लिहिलं आहे : पाणी स्टीलच्या पेल्यातूनच पितो, प्लास्टिकच्या ग्लासला हात लावत नाही. ‘टाटा’ म्हणाला की संडासला जायचं असतं. डोक्यावरून पाणी ओतण्याआधी हातावर ओतून दाखवायचं. कुकरच्या शिट्टीला घाबरतो. कान धरून बसला तर डावीकडची दाढ बघा.

२०१९ च्या गणपतीत हे पान नव्हतं. बदली माणसानं प्लास्टिकच्या ग्लासात पाणी ठेवलं, भाऊ प्यायला नाही, ‘पीत नाहीत’ अशी नोंद झाली. तिसऱ्या दिवशी सलाइन लावावं लागलं. वाईट वागलं कोणीच नव्हतं, फक्त ओळखणारं कोणी नव्हतं.

७. आमची मुलगी घरी संडासला सांगायची. सहा महिन्यांत तिला डायपर लावलं. हे असंच होतं का?

होत असतं, पण व्हायला नको. वेळेवर नेलं की ज्याला जमतं त्याला डायपर लागण्याची वैद्यकीय कारणं मोजकी असतात : लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, नवीन औषध, फिट. ती डॉक्टरांकडून तपासून घ्या. काहीच निघालं नाही तर कारण मनुष्यबळाचं आहे. उठल्यावर, जेवणानंतर आणि झोपण्याआधी नेण्याची वेळ ठरवून द्या, पंधरा दिवस नोंद ठेवायला सांगा. खरोखर डायपर लागत असेल तर दिवसातून किती वापरले जातात याचा हिशेब महिन्याच्या बिलाशी ताडून पाहा. महिन्याला तीस डायपर म्हणजे दिवसाला एक. त्याचा अर्थ मी फोडून सांगायला नको.

८. तो बोलत नाही. दुखतंय-खुपतंय हे कसं कळणार? होमवाले म्हणतात, हल्ली चिडचिड वाढली आहे.

वागणं अचानक बदललं की आधी शरीर तपासायचं, स्वभावाला दोष नंतर. दात, कान, घसा, पोट, लघवी, पाळी, डोळे, पडून झालेली इजा. गालावर मारून घेणाऱ्या माणसाची कितीदा तरी दाढ किडलेली निघते.

बद्धकोष्ठतेकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. हालचाल कमी, पाणी कमी, आणि मनोविकाराची व फिटची काही औषधं आतडी मंदावणारी. पोट फुगलं, उलटी झाली, जेवण सोडलं आणि तीन-चार दिवस शौच नाही, तर हे जिवावर बेतू शकतं. त्यामुळे शौचाची रोजची खूण वहीत असलीच पाहिजे, कितीही विचित्र वाटलं तरी. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. महिन्यात पाच टक्के वजन आपोआप उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर तपासणी हवीच.

९. औषधं नीट देतात का, हे कसं कळेल?

नोंदवहीत प्रत्येक वेळेचा वेगळा रकाना आणि देणाऱ्याची सही हवी. महिन्याभराच्या सह्या एकाच पेनानं, एकाच ओघात केलेल्या दिसल्या तर त्या महिनाअखेरीला केल्या आहेत. गोळ्यांच्या पट्ट्या मोजा, शिल्लक जुळली पाहिजे.

दुसरा मुद्दा शांत ठेवणाऱ्या गोळ्यांचा. रिस्पेरिडोनसारखी औषधं काहींना खरोखर लागतात. पण ती का, किती दिवसांसाठी आणि पुन्हा कधी तपासणार, हे लिहिलेलं नसेल तर ती रहिवाशाच्या सोयीची आहेत की कर्मचाऱ्यांच्या, हा प्रश्न विचाराच. वजन वाढणं, हात थरथरणं, लाळ गळणं, दिवसभर पेंगणं हे दिसलं की मनोविकारतज्ज्ञांना स्वतः भेटा. आपल्या मनानं एकदम बंद मात्र करू नका, फिटच्या औषधाच्या बाबतीत तर कधीच नाही.

१०. फिट आल्यावर होमनं काय केलं पाहिजे?

घड्याळ बघायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा आणि चप्पल हुंगवणं अजूनही चालतं. त्यानं काही होत नाही, वेळ तेवढा जातो. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर १०८ ला फोन. डॉक्टरांनी फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलम फवारा लिहून दिला असेल तर तो कुठे आहे हे रात्रपाळीच्या माणसाला माहीत हवं. मला एकदा सांगितलं गेलं, “बाईंच्या पर्समध्ये आहे.” बाई ठाण्यात राहतात.

फिट येणाऱ्यानं अंघोळ करताना आतून कडी लावू नये. दार लोटलेलं, बाहेर माणूस, एवढ्यात आब राहतो आणि जीवही.

११. जेवताना ठसका लागतो, वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला. वयच झालं म्हणतात. खरं आहे?

मला पटत नाही. अन्नाचा कण श्वासनलिकेत जातो आहे का, हे गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट सांगू शकतात. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आणि हाजी अलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था या मुंबईतल्या दोन जुन्या केंद्रीय संस्था. कुठे जायचं हे सुचत नसेल तर तिथून चौकशी सुरू करा.

तोवर पाठ ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास गिळल्यावरच पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. चुरमुरे, कोरडे पोहे, फरसाण बंद. मऊ खिचडी, घट्टसर ताक चालतं. उभं राहून, फोनवर बोलत भरवणारी व्यक्ती दिसली तर तिथेच सांगा.

१२. पूर्ण अंथरुणाला खिळलेल्यांना छोटं होम सांभाळू शकतं का?

शकतं, रात्री जागं माणूस असेल तर. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, व्हीलचेअरवर त्याहून लवकर भार हलवावा लागतो. माकडहाड, टाचा, खुबे रोज बघायचे. दाबल्यावर न जाणारा लालसर डाग ही बेडसोरची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तेव्हा हात लावून गरम किंवा कडक लागतं का ते पाहायचं. एअर मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलणं थांबत नाही, आणि वीज गेल्यावर ती साधी गादीच.

१३. चिडला की बांधून ठेवतात, नाहीतर खोलीत कोंडतात. याला परवानगी आहे का?

शिक्षा म्हणून, धाक म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून, अजिबात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळीनं बांधण्यावर बंदी घातली आहे. शारीरिक बंधन घालायचं तर तात्काळ इजेचा धोका हवा, मनोविकारतज्ज्ञांची मंजुरी हवी, नोंद हवी, आणि गरज संपताच ते काढलं पाहिजे. हा कायदा मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी असला तरी मी प्रत्येक होमला हीच मोजपट्टी लावते. ‘आज जेवण बंद’ हीही शिक्षाच. ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं हा २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद.

अपवाद नीट समजून घ्या. व्हीलचेअरचा पट्टा, फिटसाठी हेल्मेट, पलंगाचा कठडा ही सुरक्षेची साधनं आहेत. पण तोच पट्टा जेवण झाल्यावर दोन तास, ‘नाहीतर फिरत बसतो’ म्हणून आवळलेला असेल, तर ते बांधणंच झालं.

१४. मुलीला घ्यायला तयार आहेत, पण आधी गर्भपिशवी काढून आणा म्हणतात.

अशा होमला नमस्कार करून बाहेर पडा. १९९४ साली शिरूरच्या निवासगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, त्यावर महाराष्ट्रभर वादळ उठलं. तेव्हाही कारण स्वच्छतेचंच दिलं होतं. पाळीची स्वच्छता म्हणजे चार-सहा तासांनी पॅड बदलायला एक बाई, तारखांचं कॅलेंडर आणि दुखलं तर गोळी. अनेक मुली चित्रं दाखवून, बाहुलीवर करून दाखवून स्वतः पॅड बदलायला शिकतात, वर्ष लागलं तरी.

“उद्या काही झालं तर?” ही त्यामागची खरी भीती. शस्त्रक्रियेनं अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा पोटात राहत नाही. गाठी किंवा अतिरक्तस्राव यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ सांगत असतील तर गोष्ट वेगळी. तो उपचार झाला, प्रवेशाची अट नव्हे. आणि सौम्य बौद्धिक दिव्यांगता असलेल्या स्त्रीची स्वतःची संमती गर्भाबाबतच्या निर्णयात डावलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्येच सांगितलं आहे.

१५. काहीतरी वाईट घडल्याचा संशय आहे. पहिलं काय करायचं?

तिला किंवा त्याला तिथून बाजूला घ्या. अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. खोदूनखोदून विचारू नका, जे शब्द आपणहून आले ते तसेच लिहून ठेवा. थेट रुग्णालयात जा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेला सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानं लगेच मोफत उपचार द्यायचे असतात. फिर्याद दिव्यांग व्यक्तीच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, महिला अधिकाऱ्यानं, विशेष शिक्षक किंवा दुभाष्याच्या मदतीनं घ्यायची आणि तिचं चित्रीकरण करायचं, अशी कायद्यात तरतूद आहे. पोलीस ठाण्यात हे माहीत नसेल तर शांतपणे आठवण करून द्या. पोलिसांचा क्रमांक ११२. शोषणाची तक्रार २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही करता येते.

होमचे विश्वस्त “आधी आपण आत बसून बोलू” म्हणाले तर बसू नका.

१६. सीसीटीव्ही असला की निर्धास्त राहावं का?

दारात, स्वयंपाकघरात, बैठकीच्या खोलीत ठीक. बाथरूममध्ये आणि कपडे बदलायच्या जागी कधीच नाही. कोण पाहतं आणि चित्रण किती दिवस राहतं ते विचारा. बाकी, महिन्यातून एकदा येणाऱ्या नातेवाइकापेक्षा कॅमेरा बरा आणि अवेळी डोकावणारा नातेवाईक कॅमेऱ्यापेक्षा बरा.

१७. मुलगा अठरा पूर्ण झाला. आम्ही आईवडील आहोत, वेगळं पालकत्व कशाला?

कारण अठरानंतर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक आणि मालमत्तेच्या कागदावर हे नेमकं वेळेला नडतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे. मुंबईत जिल्हे दोन : कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत शहर, पुढे उपनगर, ज्याचं कार्यालय वांद्रे पूर्वेला. चुकीच्या कार्यालयात गेलात तर एक दिवस गेला. पालक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि नंतर दरवर्षी हिशेब द्यायचा असतो.

इतर प्रकारांत २०१६ च्या अधिनियमातलं ‘मर्यादित पालकत्व’ आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, त्या व्यक्तीच्या सोबतीनं. कायदा नोंदणीकृत संस्थेलाही पालक होऊ देतो. माझं मत विचाराल तर जे होम फी घेतं त्यालाच पालक करू नका. बिल आकारणारा आणि बिल तपासणारा एकच झाला की तपासणी संपली.

१८. लाखोंची ठेव मागतात. द्यावी का?

करार वाचल्याशिवाय नाही. होम बंद पडलं, त्याला तिथे जमलं नाही किंवा त्याचं निधन झालं, या तिन्ही वेळी किती परत आणि किती दिवसांत, हे लिहिलेलं हवं. ‘देणगी’ म्हणून पावती घेतलीत तर ती परत मिळत नाही. महिन्याच्या फीत काय धरलेलं नाही तेही लिहून घ्या : डायपर, औषधं, गाडी, रुग्णालयातली सोबत (प्रश्न १९).

राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना प्रश्न १७ मधल्या चार प्रकारांना एक लाखापर्यंत आरोग्यविमा देते. वडील सरकारी नोकरीत असतील तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आजीवन कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं, त्याचं नाव हयातीतच कागदावर आणा. जुन्या कररचनेत अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी पंचाहत्तर हजारांची, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे.

१९. रुग्णालयात भरती झाला तर जवळ कोण राहणार?

प्रवेशाच्या वेळी कोणी विचारत नाही आणि रात्री दोनला सगळे विचारतात. जनरल वॉर्डात सोबतीचं माणूस लागतंच, आणि होममधली मावशी तिकडे गेली की इकडे प्रश्न ५ मधला हिशेब कोलमडतो. पहिली रात्र होमची, दुसऱ्या दिवसापासून नातेवाईक किंवा पैसे देऊन ठेवलेला माणूस, अशी वाटणी करारात घाला. ओळखपानाची एक प्रत फाइलसोबत पाठवा. सिस्टरना सगळ्यात आधी त्याचीच गरज पडते.

२०. पावसाळ्याचं आणि आगीचं काय विचारू?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. लोकल बंद पडल्या की वसई-बदलापूरहून येणारे कर्मचारी येत नाहीत. जे आत आहेत ते दुसऱ्या पाळीला थांबतील का, त्याचे पैसे मिळतील का, तीन दिवसांची औषधं शिल्लक असतात का, हे विचारा. तळमजला असेल तर पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. वरचा मजला असेल तर लिफ्ट बंद असताना व्हीलचेअरवाल्याला खाली कसं आणतात ते करून दाखवायला सांगा. अग्निशमन यंत्रणा तपासल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं.

२१. डाऊन सिंड्रोम असलेला भाऊ पंचेचाळिशीत सगळं विसरायला लागला. होम म्हणतं घेऊन जा.

डाऊन सिंड्रोममध्ये अल्झायमर लवकर, चाळिशी-पन्नाशीतच येऊ शकतो. पण त्यावर शिक्का मारण्याआधी थायरॉइड, ऐकू येणं, मोतीबिंदू आणि नैराश्य तपासा. यांतलं बरंच सुधारतं. अल्झायमरच निघाला तर जागा बदलणं त्याला सगळ्यात महागात पडतं, कारण ओळखीच्या भिंती हाच त्याचा आधार. जादा माणसाचा खर्च वाटून घेण्याचा प्रस्ताव ठेवा. काढून टाकण्याची कारणं आणि मुदत करारात आधीच लिहिलेली असतील तर बोलणी सोपी जातात.

२२. तक्रार केली तर राग त्याच्यावर काढतील ना?

ही भीती खरी आहे. म्हणून व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो टाकून सुरुवात करू नका. एक मुद्दा, तारीख-वेळेसह, प्रमुखांना तोंडी. आठवड्यानं तोच लेखी. मग विश्वस्तांना. पुढे जिल्ह्याचं समाजकल्याण कार्यालय, राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेली संस्था असेल तर स्थानिक स्तर समिती, आणि पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. मारहाण किंवा अत्याचार असेल तर ही उतरंड विसरा, प्रश्न १५.

एकट्यानं बोलू नका. दोन-तीन कुटुंबं मिळून बोला आणि त्या महिन्यात भेटी वाढवा. काका, मावसबहीण, शाळेतल्या जुन्या बाई, कोणीही चालेल. ज्याच्याकडे माणसं येतात त्याला हात लावताना कोणीही दोनदा विचार करतं. चांगलं दिसलं तेही लिहून द्या. मी दर दिवाळीला मावशींच्या नावानं विश्वस्तांना पत्र देते.

२३. दिवाळीत चार दिवस घरी आणावं का? परत जाताना रडतो.

आणा. येताना रडतो की जाताना, आणि होमच्या दारात पोहोचल्यावर किती वेळानं शांत होतो, हे दरवर्षी लिहून ठेवा. पाच मिनिटांत चप्पल काढून स्वतःच्या खाटेकडे गेला तर काळजी नको. दारातच अंग आखडून घेतलं, एखाद्या ठरावीक माणसाला बघून मागे सरकला, तर त्याला तसाच घरी परत न्या आणि प्रश्न ८ व १५ वाचा.

निघताना औषधं सहा दिवसांची द्या म्हणावं, चार दिवसांची नकोत. फटाक्यांच्या आवाजानं झोप मोडून फिट येऊ शकते, तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या बंद आणि गोळी वेळेवर. आणि त्याचा पेला बरोबर घ्या.